थंड देशातलं लिंबू

परदेशी थंड मुलखात राहणाऱ्या आपल्या कितीतरी जणी हौसेनं अंगणात कागदी लिंबू लावतात. पारा शून्याखाली दोन-तीन अंश गेला की ते जळतं. पुढच्या वर्षी पुन्हा नवं रोप! मला हे पटत नाही. एकेंद्रिय असला तरी तो जीवच आहे. मरणार हे ठाऊक असताना त्याला बर्फात का उभं करायचं?

बाहेरच लावायचं तर थंडी सोसणारं लावा. जपानचं युझू साधारण उणे ९ अंशांपर्यंत तग धरतं. आपल्या विदर्भात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. तसं युझू काटक ट्रायफोलिएट संत्र्याच्या खुंटावर भरलेलं घ्या. दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीलगत लावा. दिवसा तापलेली भिंत रात्री ऊब देते. इटलीत गार्डा तळ्याकाठी लिंबांच्या बागांना उत्तरेकडून उंच भिंती असत, आणि हिवाळ्यात दगडी खांबांवर फळ्या नि काचा चढवत.

कागदी लिंबूच हवं असेल, तर ते कुंडीत लावा आणि थंडीत घरात घ्या. आपली हौस झाडाच्या जिवावर नको.