कूलर सर्व्हिसिंगचा धंदा करताय? आधी अर्थिंग बघा

विदर्भात मार्च लागला की घरोघरी कूलर बाहेर निघतात. त्याच्या सर्व्हिसिंगचा धंदा जरूर करा; भांडवल कमी, गिऱ्हाईक गल्लीतच. पण नुसत्या ताट्या बदलून, टाकी धुऊन पैसे घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. पत्र्याची बॉडी, आत पाणी आणि अर्थिंग नाही, म्हणजे जिवाशी खेळ. पंपाची वायर सोललीय का ते बघा. तीन पिनचा प्लग दिसला म्हणून खूश होऊ नका, सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते कधी कधी! करंट गळला की लाइन तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी सुचवा. वायरिंगला मात्र परवानाधारक वायरमनच न्या, त्याची मजुरी बिलात वेगळी दाखवा. ‘एवढं कशाला?’ म्हणत गिऱ्हाईक अडून बसलं, तरी तसाच कूलर चालू करून देऊ नका.