प्रायमरची निवड आता नेमबाजाच्या हाती किती?

नवी दिल्ली : पिस्तुलाच्या काडतुसाचे घटक चार. पितळी पुंगळी, दारू, गोळी आणि पुंगळीच्या बुडाशी बसवलेला प्रायमर. यांतला प्रायमर सर्वांत लहान असतो. त्याचा व्यास छोट्या आकारात ४.४५ आणि मोठ्या आकारात ५.३३ मिलिमीटर. दिवाळीत मुलांच्या बंदुकीत वाजणाऱ्या टिकलीचा हा थोरला भाऊ म्हणता येईल. पिस्तूल कितीही महागडे असले आणि गोळी कितीही अचूक ओतलेली असली, तरी ही टिकली पेटली नाही तर घोडा नुसता आपटतो. अमेरिकेत घरच्या घरी काडतुसे भरणाऱ्या नेमबाजांपुढे गेल्या काही वर्षांत नेमका हाच प्रश्न उभा राहिला आहे. खात्रीने पेटणारा प्रायमर कोणता, याचे उत्तर पूर्वी ते आपल्या टेबलावर शोधत असत. आता ते कारखान्यांच्या मालकीत आणि सरकारांच्या निर्बंधांत शोधावे लागते.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. विक्रीच्या व्यवसायासाठी तो लागतो. वापरलेली पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते. शिशाची गोळी घरी ओतता येते. दारू विकतच घ्यावी लागते, पण तिचे प्रकार अनेक आहेत आणि एकीऐवजी दुसरी वापरायची झाल्यास प्रमाणाची छापील कोष्टके उपलब्ध असतात. प्रायमरचे तसे नाही. तो एकदाच उडतो, घरी बनवणे जिवावर बेतणारे आहे आणि त्याला पर्याय दुसरा प्रायमरच. म्हणून या छंदाची सारी भिस्त मोजक्या कारखान्यांवर राहते.

प्रायमर म्हणजे धातूची छोटी वाटी. तिच्या तळाशी आघाताने पेटणारे मिश्रण असते आणि त्याच्यावर एक सूक्ष्म ऐरण. फायरिंग पिन वाटीवर आदळली की वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये मिश्रण चिरडले जाते आणि निघालेली ज्वाला छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. ऐरण प्रायमरमध्येच असेल आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र असेल, तर ती बॉक्सर पद्धत. ऐरण पुंगळीचाच भाग असून छिद्रे दोन असतील, तर ती बर्डन पद्धत. दोन्ही पद्धती १८६६ च्या सुमाराच्या. गंमत अशी की, एडवर्ड बॉक्सर हे ब्रिटिश अधिकारी होते आणि त्यांची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. हायरम बर्डन अमेरिकी होते आणि त्यांची पद्धत युरोप-आशियाच्या लष्करी काडतुसांत रुजली. बॉक्सर पद्धतीत जळका प्रायमर एका सुईने मधल्या छिद्रातून ढकलून काढता येतो. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला, त्यामागे ही साधी यांत्रिक सोय मोठी आहे.

पेटण्याची खात्री कशावर ठरते? पहिली बाब वाटीच्या कठीणपणाची. अमेरिकी नेमबाजांच्या अनुभवात फेडरल कंपनीचे प्रायमर मऊ आणि संवेदनशील, तर सीसीआयचे कठीण मानले जातात. रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धांत चाप हलका करण्यासाठी घोड्याची स्प्रिंग कमजोर केली जाते. मग आघातही कमजोर होतो. असे स्पर्धक फेडरलखेरीज दुसरा प्रायमर सहसा घेत नाहीत. ज्याच्या पिस्तुलाची स्प्रिंग कारखान्यातून आली तशीच आहे, त्याला कोणत्याही नामवंत कंपनीचा योग्य आकाराचा प्रायमर पुरतो. त्यामुळे ‘सर्वोत्तम प्रायमर कोणता’ हा वाद हत्याराचा उल्लेख न करता घातला जातो तेव्हा तो निरर्थक असतो.

दुसरी बाब बसवण्याची, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. प्रायमर खोबणीच्या तळाला टेकलेला नसेल, तर पहिल्या आघाताची शक्ती त्याला आत ढकलण्यातच खर्च होते. ऐरणीला आधार नसल्याने मिश्रण चिरडले जात नाही. तेच काडतूस दुसऱ्या आघाताला बिनतक्रार उडते. दुसऱ्या खेपेस उडणारी काडतुसे वारंवार आढळली, तर कंपनी बदलण्याआधी स्वतःचे काम तपासावे, हे अनुभवी मंडळींचे सांगणे रास्त आहे. न उडालेल्या काडतुसाबाबतची शिस्त सर्वत्र एकच आहे : नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचे, कारण दारू उशिरा पेटू शकते. याहून घातक प्रकार म्हणजे प्रायमर उडतो, पण दारू नसते किंवा नीट पेटत नाही. आवाज दबका येतो आणि गोळी नळीतच अडकून राहते. तिच्यामागे पुढची गोळी झाडली तर नळी फाटू शकते.

ही सगळी चर्चा प्रायमर निवडण्याची मुभा गृहीत धरते. २०२० मध्ये ती मुभाच संपली. महासाथ, नागरी अशांतता आणि निवडणूक यांच्या एकत्रित परिणामाने त्या वर्षी एफबीआयकडे शस्त्रखरेदीशी निगडित पार्श्वभूमी-तपासणीच्या सुमारे ३.९७ कोटी नोंदी झाल्या. तोवरचा तो उच्चांक होता. काडतुसांची मागणी उसळताच कंपन्यांनी प्रायमर सुटे विकण्याऐवजी आपल्याच काडतुसांत वापरले. त्याच जुलैमध्ये रेमिंग्टनने दिवाळखोरीचा अर्ज केला. साधारण तीन-चार सेंटांना मिळणारा प्रायमर दुय्यम बाजारात दहा सेंटांच्या वर गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन बनावटीच्या शस्त्रांच्या व दारूगोळ्याच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले. अमेरिकी कायद्याच्या व्याख्येत प्रायमर हाही दारूगोळाच असल्याने स्वस्त रशियन प्रायमरची वाटही बंद झाली.

मग हाती येईल ते वापरण्याचा काळ आला. छोटा पिस्तूल-प्रायमर आणि छोटा रायफल-प्रायमर मापाने सारखेच असतात, म्हणून अनेकांनी पिस्तुलात रायफलचा प्रायमर बसवला. त्याची वाटी अधिक कठीण असते. ज्यांच्या स्प्रिंगा हलक्या होत्या त्यांची काडतुसे फुसकी निघाली. मोठ्या आकारात ही देवाणघेवाण थेट धोकादायक आहे. रायफलचा मोठा प्रायमर उंचीला अधिक असल्याने तो पिस्तुलाच्या पुंगळीबाहेर डोकावतो. मॅग्नम प्रायमरची ज्वाला अधिक तीव्र असते; साध्या प्रायमरच्या जागी तो घातला तर दाब वाढू शकतो. दारूचे प्रमाण किमान पातळीवर आणून पुन्हा चाचणी घ्यावी, असे पुस्तिका बजावतात ते यासाठीच. टंचाईने माणसे साधनसंपन्न होतात असे म्हणतात. या क्षेत्रात ती तेवढी मुभा देत नाही.

टंचाई ओसरली, पण बाजाराची रचना मात्र बदलून गेली. प्राग येथील चेकोस्लोव्हाक ग्रुपने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हिस्टा आउटडोअरचा दारूगोळा व्यवसाय २.२२५ अब्ज डॉलरना विकत घेतला. त्यात फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन हे तीनही ब्रँड आले. चौथे मोठे नाव विंचेस्टर; ते ऑलिन कंपनीचे, आणि मिझुरी राज्यातील लेक सिटीचा लष्करी काडतूस कारखानाही ऑक्टोबर २०२० पासून तीच चालवते. म्हणजे अमेरिकी नेमबाजाला दुकानात चार नावे दिसतात, त्यांचे मालक दोनच. उरलेली जागा चेक सेलियर अँड बेलो, ब्राझीलची मॅगटेक, बोस्नियातील गिनेक्स यांसारख्या आयातदार नावांनी भरते. यातले सेलियर अँड बेलो १८२५ मध्ये प्रागमध्ये बंदुकीच्या टोप्या बनवण्यासाठीच सुरू झाले होते. २०२४ पासून ते कोल्ट सीझेड या दुसऱ्या चेक समूहाकडे आहे. या व्यापाराची दोरी दोनशे वर्षांनी पुन्हा बऱ्याच अंशी प्रागमध्ये आली आहे. युद्धाच्या छायेतील युरोपात लष्करी मागणी आणि छंदाची मागणी यांत टक्कर झाल्यास कोणाला थांबावे लागेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरा दबाव रसायनाचा आहे. पाऱ्याच्या मिश्रणाने पुंगळी ठिसूळ होई, क्लोरेटच्या क्षारांनी नळी गंजे. म्हणून विसाव्या शतकात शिशाचे स्टिफ्नेट पुढे आले. बंद नेमबाजीगृहात त्याचा धूर श्वासावाटे शरीरात जातो. युरोपीय संघाने २०११ मध्येच हे द्रव्य अतिचिंतेच्या रसायनांच्या यादीत घातले. शिसेविरहित प्रायमर निघाले आहेत. त्यांनी नवा गोंधळही आणला. पूर्वी मोठाच प्रायमर लागणाऱ्या .४५ एसीपीच्या काही पुंगळ्या त्यांच्यासाठी छोट्या खोबणीच्या झाल्या, आणि पुंगळ्या निवडून वेगळ्या करण्याचे काम वाढले. न्यायवैद्यक प्रयोगशाळांनाही याची दखल घ्यावी लागते, कारण गोळीबाराचे कण ओळखताना शिसे, बेरियम आणि अँटिमनी ही त्रयीच शोधली जाते.

भारतात हा छंद जवळजवळ नाही, आणि कायदा पाहता त्यात नवल नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही दारूगोळाच ठरतात. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुकांना लागणारी टोपी ही सामान्य माणसाची प्रायमरशी असलेली कदाचित एकमेव ओळख. परवानाधारकाच्या .३२ रिव्हॉल्व्हरच्या काडतुसावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात, म्हणजे पुण्याजवळची १८६९ मधील खडकीची दारूगोळा फॅक्टरी. आता ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे.

क्रीडा नेमबाजीत चित्र निराळे आहे. १० मीटर एअर पिस्तुलाला प्रायमर लागत नाही. .२२ च्या रिमफायर काडतुसात मिश्रण पुंगळीच्या कडेतच पसरलेले असते. ते पुन्हा भरता येत नाही आणि कडेच्या एखाद्या भागात मिश्रण कमी पडले तर काडतूस फुसके निघते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात अशीच काडतुसे वापरली जातात. त्या पातळीवर नेमबाज आपल्या रायफलीवर निरनिराळ्या उत्पादन-गटांची चाचणी घेऊन जुळणारा गट राखून ठेवतात. तसा गट निवडायचा तर माल वेळेवर आणि पुरेसा यावा लागतो, आणि उच्च प्रतीची ही काडतुसे प्रामुख्याने युरोपातील कारखान्यांत तयार होतात.