वाहता कान आणि मेडिकलमधली गोळी

१८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयीच्या जागृतीसाठी जगभर पाळला जातो. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात तेव्हा कापूस वेचणी भरात असते. पोराचा कान वाहतो एवढ्यासाठी रोजी बुडवून दवाखाना गाठणे मजुरांच्या घरांना जड जाते. मग मेडिकलमधून चार गोळ्या येतात, पू आटला की त्यांतल्या दोन तशाच राहतात आणि पुढच्या सर्दीत कान पुन्हा फुटतो. वर्गात लक्ष नाही म्हणून बोलणी खाणाऱ्या त्या पोराला नीट ऐकूच येत नसते, हे कळायला कित्येकदा वर्षे जातात.

पडद्याला भोक पडून आठवडेच्या आठवडे वाहणाऱ्या कानात बहुधा स्युडोमोनास नाहीतर स्टॅफिलोकॉकस सापडतो. स्युडोमोनास हा पाण्यात, ओल्या मातीत वाढणारा जंतू. अमॉक्सिसिलिनला तो मुळातच दाद देत नाही. सहज हाती येणारी ती गोळी त्याच्यावर कधीच चालणारी नव्हती. तिने मरतात ते शरीरातले दुसरे, दुबळे जंतू, आणि चिवट तेवढे मागे उरतात. त्यातून जुनाट कानात जंतू चिकट थर धरून बसतात, तिथवर पोटातून घेतलेले औषध पुरेसे पोचत नाही. म्हणून कान कोरडा करून सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब घालणे हा पहिला उपचार. तेही डॉक्टरांनी कान पाहिल्यावरच, कारण जेंटामायसिनसारखे काही थेंब फाटक्या पडद्यातून आत उतरले तर आतल्या कानालाच इजा करू शकतात. गरम तेल तर कोणीच घालू नये.

पाकिटावरची लाल रेघ चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नका असे बजावते. ती पाळलीच पाहिजे. पण सगळा दोष आईच्या आणि दुकानदाराच्या माथी मारणे आम्हाला अन्यायाचे वाटते. थेंबांनीही न थांबणाऱ्या कानात कोणता जंतू आहे आणि तो कशाला मरतो, हे पू तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्या तपासणीला दोन-तीन दिवस लागतात. जिल्ह्यात सावंगी आणि सेवाग्राम, दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. एका जिल्ह्याला एवढी सोय क्वचितच लाभते. तरी नमुन्यासाठी एक खेप आणि अहवालासाठी दुसरी, असा हिशेब रुग्णालाच का? देवळीच्या ग्रामीण रुग्णालयाने आठवड्यातला एक दिवस ठरवून कानाचे नमुने घ्यावेत, ते गाडीने पाठवावेत आणि अहवाल फोनवर मागवावा. शाळांत मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या पथकांनी वाहत्या कानाची मुले त्याच दिवशी तिथे धाडावीत. जिल्हा आरोग्य प्रशासनाने हे याच वेचणीच्या हंगामात सुरू करावे.