अख्खे तळे प्रयोगाला

नदीत मासे मेले की बातमी होते. ते जिवंत राहून त्यांची पुढची पिढीच आली नाही, तर कुणाला पत्ताही लागत नाही. हे पकडायचे कसे?

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताच्या वायव्य भागात १९६८पासून काही तळी केवळ संशोधनासाठी राखलेली आहेत. कॅरेन किड आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे त्यातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतले कृत्रिम इस्ट्रोजेन सोडले. लिटरमागे जेमतेम पाच-सहा नॅनोग्रॅम! फॅटहेड मिनो या इवल्याशा माशांच्या नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, वृषणांची वाढ बिघडली आणि पाहता पाहता त्यांची संख्या जवळजवळ संपली. मोठे ट्राउट मासेही भक्ष्य घटल्याने रोडावले. प्रयोगशाळेतल्या टाकीत एका नराचा बिघाड दिसेल. जमात कोसळताना पाहायला तळेच हवे, आणि तुलनेला काही न मिसळलेली दुसरी तळीही.

जाणूनबुजून तळे बिघडवणे योग्य का, हा प्रश्न रास्त आहे. पण सांडपाण्यातून आपण तेच करतो, फक्त मोजत नाही. इथे मात्र औषध थांबल्यावर काही वर्षांनी मिनो सावरले, हेही मोजले गेले.

२०१२मध्ये कॅनडा सरकारने या तळ्यांवरच्या संशोधन केंद्राचा निधी बंद करायचे ठरवले. बराच गदारोळ झाल्यावर २०१४मध्ये ते एका स्वतंत्र संस्थेकडे गेले. दीर्घकालीन मोजणी खर्चिक असते, कंटाळवाणीही असते. तिचा पैसा वाचवणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.