पत्ता बदलला, पण पोस्टमनला सांगितलं का?

गुगलवर साईट खाली घसरली की आपल्याकडे पहिला संशय गुगलवरच जातो. "अल्गोरिदम बदलला असणार." दुसरा संशय प्रतिस्पर्ध्यावर. "त्याने पैसे चारले असतील." (पैसे देऊन जाहिरात वर येते, खालचे साधे निकाल नाही. पण हे सांगून कुणाला पटत नाही.) मग एखादा एसईओवाला गाठला जातो, तो पन्नास कीवर्डची यादी पाठवतो, आणि त्या धांदलीत एक साधा प्रश्न राहूनच जातो: गेल्या महिन्यात साईटला नेमकं काय केलंत?

उत्तर ठरलेलं. "काही नाही हो, फक्त नवीन डिझाईन लाँच केलं."

माझं मत आधीच सांगून टाकतो. कमावलेलं स्थान घालवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे साईटचं नूतनीकरण. त्यात दोष रंगांचा किंवा फॉन्टचा क्वचितच असतो. दोष असतो पत्त्यांचा. आणि पत्ते सांभाळणं हे मार्केटिंगवाल्यांचं काम नाही, ते कोड लिहिणाऱ्यांचं, म्हणजे आपलं काम आहे.

शोधयंत्राच्या दृष्टीने तुमची साईट म्हणजे मुख्यतः सुट्या पत्त्यांचा ढीग. कुणी कुठल्या पानाला दुवा दिला, ते पान किती वर्षं तिथे आहे, या सगळ्याची नोंद त्या पानाच्या यूआरएलवर असते. पत्ता बदलून जुन्या जागी ४०४ ठेवलात, की त्याच्या लेखी जुनं पान वारलं आणि नवीन पान आज जन्माला आलं. मजकूर शब्दन् शब्द तोच का असेना. टिम बर्नर्स-लींनी १९९८ मध्येच 'कूल यूआरआय डोन्ट चेंज' या टिपणात सांगून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात, बदलणारे लोक बदलतात. आपण ते वाचतो, मान डोलावतो, आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये सगळे राउट बदलून टाकतो.

माझ्या परिचयातल्या एका छोट्या मराठी प्रकाशनाचं असंच झालं. बारा वर्षांचे लेख. जुने पत्ते कुरूप होते, प्रश्नचिन्ह आणि पुढे आयडी ४१२ वगैरे. नवीन डेव्हलपरने सगळ्यांना सुंदर नावं दिली आणि जुन्या प्रत्येक पत्त्यावरून थेट मुखपृष्ठावर पाठवणी लावली. त्याच्या मते हे सौजन्य होतं: वाचकाला एररचं पान दिसायला नको. पण सातबारा उतारा कसा वाचावा हे शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठावर सोडणं म्हणजे तलाठी कुठे बसतो विचारणाऱ्याला तालुक्याच्या एसटी स्टँडवर उतरवून देणं. गुगललाही ते कळतं. असंबद्ध पानावरच्या अशा पाठवणीला तो 'सॉफ्ट ४०४' समजतो, म्हणजे वरवर सगळं ठीक, प्रत्यक्षात पान गायब. त्या सातबाराच्या लेखाला कितीतरी ठिकाणांहून दुवे होते. ते सगळे एका रात्रीत हवेत लटकले.

सुदैवाने जुन्या डेटाबेसचा बॅकअप सापडला. जुना आयडी एका रकान्यात, नवीन पत्ता दुसऱ्यात, अशी साधी एक्सेल केली आणि एकेका पानासाठी ३०१ लावला. ३०१ म्हणजे 'कायमचा मुक्काम हलवला, नवीन पत्ता हा'. वाचक परत यायला काही महिने गेले, आणि सगळे परत आलेच नाहीत. हीच एक्सेल लाँचच्या आधी केली असती तर दोन दिवसांचं काम होतं. आणि हो, या पाठवण्या पुढच्याच महिन्यात 'कचरा' म्हणून काढू नका. किमान वर्षभर ठेवा असं गुगलच सांगतो. मी म्हणतो, कायमच्या ठेवा, खायला काय मागतात? फक्त त्यांची साखळी होऊ देऊ नका. जुन्याकडून मधल्याकडे आणि मधल्याकडून नव्याकडे असं न करता सगळ्यांना थेट शेवटच्या घरी पाठवा.

आता आपल्या मराठीचा खास त्रास. इंग्रजी लेखांत हा सहसा सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पत्त्यात देवनागरी लिहिली की आतमध्ये तिचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ चे तीन बाइट होतं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. 'पुणे' हा इवलासा शब्द, मात्रा धरून चार चिन्हं, पत्त्यात ३६ अक्षरं खातो. वर्डप्रेसमध्ये या नावाला जागा २०० अक्षरांची. 'सातबारा-उतारा-कसा-वाचावा' हे १९२ मध्ये कसंबसं बसतं, आणखी एक शब्द जोडलात की तो कापला गेलाच. म्हणजे मोठे मराठी मथळे असलेल्या जुन्या साईटवर शेपूट तुटलेले पत्ते भरपूर असतात, आणि शोधयंत्राकडे नोंद त्या तुटक्या पत्त्यांची असते. नवीन प्रणालीने मथळ्यावरून पुन्हा पूर्ण पत्ता बनवला तर तो जुन्याशी जुळत नाही. म्हणून मथळ्यावरून पत्ते नव्याने बनवू नका, जुन्या डेटाबेसमधला पत्त्याचा रकाना जसाच्या तसा उचला.

दुसरी गंमत 'वाऱ्यावर' या शब्दाची. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एकतर 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, नाहीतर साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे. त्यामुळे पत्तेही दोन वेगळे! स्थलांतराच्या वेळी कुणीतरी 'अदृश्य अक्षरं साफ करूया' म्हणून एक ओळीचा रेजेक्स चालवतो, आणि दुसऱ्या प्रकारातले सगळे लेख खऱ्या अर्थाने वाऱ्यावर. चूक पटकन सापडतही नाही.

मग पत्ते रोमनमध्ये ठेवावेत का? नवीन साईट असेल तर मी छोटं रोमन नाव नाहीतर नुसता क्रमांक पसंत करतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या दुव्यात टक्क्यांची ती लांबलचक माळ बघून लोक घाबरतात. पण देवनागरी पत्ते आधीच असतील आणि नीट चालत असतील तर केवळ सौंदर्यासाठी ते बदलू नका. गुगलला दोन्ही चालतात.

नामांतराचंही तेच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. मजकुरात बदला, मथळ्यात बदला, पण पूर्ण डेटाबेसवर फाइंड-रिप्लेस चालवून पत्ते बदलायची घाई करू नका. बदलणारच असाल तर प्रत्येकामागे ३०१ हवा. मराठी विकिपीडियावर लेखाचं नाव बदललं की जुन्या नावावर आपोआप पुनर्निर्देशन राहतं. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला जमतं ते पगारी टीमला जमू नये?

आता 'पाट्या'. चाचणीच्या साईटवर गुगल येऊ नये म्हणून आपण 'नोइंडेक्स' लावतो किंवा रोबॉट्स डॉट टीएक्सटी मध्ये 'डिसअलाऊ' आणि एक तिरपी रेघ. मग तीच फाईल खऱ्या साईटवर चढते. एका रेघेने दुकानाचं शटर खाली, आणि आत सगळे दिवे चालू असल्यामुळे मालकाला पत्ताच नाही. या दोन पाट्या एक नव्हेत हेही लक्षात घ्या. रोबॉट्सची फाईल (१९९४ पासून चालत आलेला हा संकेत, अधिकृत मानक म्हणून आरएफसी ९३०९ आला तो थेट २०२२ मध्ये) सांगते 'आत येऊ नका'. 'यादीत घेऊ नका' असं ती सांगत नाही. ते सांगतो नोइंडेक्स, आणि तो पानातच असतो. दार बंद केलंत तर आतली पाटी वाचणार कोण? त्यामुळे दोन्ही एकदम लावून 'तरी पान गुगलवर दिसतंय' म्हणून वैतागणारे लोक मी पाहिलेत.

दुरुस्तीसाठी साईट बंद ठेवताना '२००, सगळं ठीक' म्हणत 'काम चालू आहे' असं पान दाखवू नका, ५०३ द्या. नाहीतर तोच तुमचा मजकूर समजला जातो. ५०३ सुद्धा दिवसेंदिवस ताणू नका, पानं यादीतून गळायला लागतात. जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या नव्या साईट्सचा आजार याच जातीचा: कुठलाही वेडावाकडा पत्ता टाका, उत्तर २०० च. एकदा स्वतः करून बघा.

हे सगळं नीट केलं म्हणून साईट पहिल्या क्रमांकावर येणार नाही, हेही कबूल करायला हवं. मजकूर सुमार असेल तर पत्ते सांभाळून काय उपयोग? आणि कधी कधी गुगल खरंच निकष बदलतो, तेव्हा निर्दोष साईटही घसरते. पण मग निदान कारण कुठे शोधायचं ते कळतं.

व्यवहारात मी काम सुरू करायच्या आधी सर्च कन्सोलचे आकडे उतरवून घेतो (तिथे फक्त १६ महिन्यांचेच मिळतात), सर्व्हरचे लॉग मागून घेतो, आणि त्यातून प्रत्यक्षात कुणीतरी येत असलेल्या प्रत्येक पत्त्याची यादी बनवतो. साईटमॅपवर विसंबत नाही. त्यात मालकाला आठवणारी पानं असतात, लोक येतात ती असतीलच असं नाही. लाँचच्या रात्री तीच यादी एका छोट्या स्क्रिप्टला देतो: प्रत्येक पत्ता मागव, उत्तराचा क्रमांक लिही, शेवटी कुठे पोचलास ते लिही. दहा मिनिटांत कळतं.

कोटेशनमध्ये या कामाची वेगळी ओळ असते. ग्राहक पैसे कमी करायला बसला की पेन पहिलं तिथेच जातं, "हे काय, दिसत तर काहीच नाही यात." हल्ली मी त्या ओळीपुढे रक्कम शून्य लिहितो आणि ती डिझाईनमध्ये धरतो.