उपवास कुणाचा?

आमचा बंड्या चतुर्दशीला उपवास करतो, असं मी चार-पाच वर्षं सगळ्यांना सांगत होते. बस्तीत स्वाध्यायाला बसलेल्या बायका कौतुकाने माना डोलवायच्या. "गेल्या जन्मीचा कुणीतरी श्रावक असेल बघा," एक अक्का म्हणायच्या. मग दुसरी सांगायची, आमचा टायगर सूर्यास्तानंतर अन्नाला तोंड लावत नाही. तिसरीची मांजर म्हणे कंदमूळ खात नाही. आता कंदमूळ कुठलीच मांजर खात नाही, पण ते बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. कारण सगळ्यात मोठी बढाई माझीच होती.

खरं काय ते आज लिहिते. चतुर्दशीला बंड्याचा उपवास नसायचा. उपवास माझा आणि सासूबाईंचा असायचा. चूल उशिरा पेटायची, आम्ही दोघी अभिषेकाला गेलेल्या असायचो आणि मागच्या पडवीत बांधलेल्या जिवाकडे बघायला कुणी नसायचं. दुपारी बारापर्यंत तो पायात मान घालून पडून राहायचा. त्या पडून राहण्याला मी उपवास म्हणत होते. उपवास आपण होऊन करायचा असतो. दुसऱ्याला उपाशी ठेवलं, तर त्याला शास्त्रात निराळंच नाव आहे.

ते नाव मला त्याच स्वाध्यायात सापडलं. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता. अहिंसा अणुव्रताला बट्टा लावणारे पाच अतिचार पंडितजी समजावून सांगत होते. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे खाणंपिणं अडवणं. आजवर हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे गाडीचा बैल यायचा. आमच्याकडे ना गाडी, ना बैल, म्हणून मी निर्धास्त असायची. त्या दिवशी मात्र डोळ्यांपुढे बंड्या आला, कारण आदल्याच आठवड्यात तो मरता मरता वाचला होता.

झालं होतं असं. माझी नणंद तासगावला दिलेली. दर वर्षी वैशाखात तिच्याकडून बेदाण्याची पाच किलोची पेटी येते. घरात बेदाणे आले की येता-जाता मूठ भरायची सवय सगळ्यांनाच. एक मूठ आपल्या तोंडात, चार दाणे बंड्याला. त्या दिवशी चारांची मूठ झाली असेल. रात्री त्याने दोनदा ओकारी केली. सकाळी उठेना. आम्ही म्हटलं, ऊन बाधलं असेल, ताक पाजा. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, तेव्हा रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "द्राक्षं किंवा बेदाणे खाल्ले का?" मी हो म्हटलं आणि त्यांचा चेहरा बघून माझे पाय गळाले.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्या कुत्र्यांना सारखं बाधत नाही, म्हणून तर ते जास्त घातक. शेजारणीच्या कुत्र्याला काही झालं नाही म्हणून आपण देतो. किती दाणे चालतात याचं माप नाही. शास्त्रज्ञांचा संशय आता द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे आणि ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे आपली आमटी-भातही त्याला नको. पाच दिवस सलाईन लागलं. बंड्या वाचला. पण डॉक्टर एवढ्यावर थांबले नाहीत. रक्ताचा कागद पुढे ठेवून म्हणाले, "बेदाणे हा अपघात झाला. पण हा कुत्रा त्याच्या आधीपासून अर्धपोटी आहे."

मला राग आला. अर्धपोटी? सकाळ-संध्याकाळ दूध-चपाती, सणाला पुरणपोळी, पाहुणे आले की कुंदा! बेळगावात राहून कुंदा खाणारा कुत्रा अर्धपोटी कसा? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, शाकाहारावर कुत्रा राहू शकतो. दूध-चपातीवर राहू शकत नाही."

हे वाक्य आपल्या समाजाने नीट ऐकावं, म्हणून हा लेख लिहितेय. कारण आपण या दोन गोष्टी एकच समजतो.

आपला समज असा, की ताट भरलेलं आहे ना, मग अन्नपाननिरोध कुठला? माझं म्हणणं आहे की भरल्या ताटातही तो असतो. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दूध नीट पचत नाही. गव्हाच्या चपातीने पोट भरतं, पण अंगाला लागणारी प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२ त्यातून पुरेशी मिळत नाहीत. पोट भरून शरीर उपाशी ठेवलं तर तो निरोध नव्हे तर काय? कुंदा, पेढा, बिस्किटं ही आपली हौस. अमावास्येला गल्लीतल्या कुत्र्यांपुढे बिस्किटांचे पुडे फोडायचे आणि पुण्य जमा धरून घरी यायचं, ही त्याच हौसेची मोठी बहीण. चॉकलेट तर कुत्र्याला विषच. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असेल तर तेही विष. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. तेवढ्या एका बाबतीत आपला स्वयंपाक त्याच्या बाजूचा आहे, पण तोही योगायोगाने.

मला सगळ्यात जास्त बोचतो तो चौथा अतिचार. झेपणार नाही एवढं ओझं लादणं. चतुर्दशी माझी, रात्रीभोजनत्याग माझा, पुण्यही मलाच हवं. ओझं मात्र बंड्याच्या पाठीवर. त्याने कुठल्या मुनिमहाराजांपुढे नेम घेतला होता? जीवंधरकुमाराची गोष्ट आपण पोराबाळांना सांगतो. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार म्हटला आणि तो कुत्रा यक्ष झाला. पण त्या कुमाराने कुत्र्याला आधी उपाशी मारलं नव्हतं हो! मारणारे दुसरे होते. आपण दोन्ही कामं स्वतःच करायला लागलोय.

आता दुसऱ्या बाजूचं. माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. त्याला हे सगळं कळल्यावर तो फोनवर तावातावाने म्हणाला, "मामी, कुत्रा म्हणजे लांडगा. त्याला मांस न देणं हाच छळ आहे. जैनांनी कुत्रा पाळूच नये." त्याचंही मला पटत नाही. कुत्रा लांडग्यापासून झाला हे खरं, पण हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढताना त्याचं पोट बदललं. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आहेत. भात-भाकरी पचवायला तो माणसाच्या घरातच शिकला. म्हणून नीट आखलेल्या शाकाहारावर मोठा, निरोगी कुत्रा राहू शकतो. "नीट आखलेल्या" हे शब्द भाचा ऐकत नाही आणि आपण बायकाही ऐकत नाही. दोघांनाही आपापला झेंडा प्यारा, कुत्र्याचं ताट कुणीच बघत नाही.

मांजरीचं मात्र तसं नाही. तिला लागणारं टॉरिन तिचं शरीर पुरेसं बनवत नाही. ते मांसातून मिळतं. म्हणून मी स्पष्टच सांगते, ज्या घरात मांस येणार नाही त्या घराने मांजर पाळू नये. शाकाहारी मांजरीची बढाई मारण्यापेक्षा मांजर न आणणं ही मोठी अहिंसा.

मग घरी करून घालायचं की विकतचं आणायचं? घरी करायचं तर अंदाजपंचे चालत नाही. भात, मऊ शिजवलेली डाळ, सोयाबीन, पनीर, भोपळा यांचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं आणि वरून लागणारी क्षार-जीवनसत्त्वांची पूड त्यांनी सांगितलेलीच घालायची. मीठ-तिखट-फोडणी नाही. आणि विकतचं आणायचं तर डोळे उघडे ठेवून. इथे आपलं स्वयंपाकघर आपल्याला उपयोगी पडायला हवं. आपण पाणी गाळतो, तांदूळ निवडतो, पिठाला पावसाळ्यात तीन दिवसांची, उन्हाळ्यात पाचाची, थंडीत साताची मर्यादा पाळतो. आणि त्याच घरातल्या कुत्र्यासाठी दुकानातल्या उघड्या पोत्यातले दाणे किलोवर मापून आणतो! ते पोतं कधी फोडलं, कुणी बघितलंय? त्यातलं तेल खवट होतं. ओल लागली की बुरशी धरते आणि मका-शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत खाऊन टाकतं. आपली भाकरी शोधून खायची आणि त्याची न शोधता वाढायची, हा कुठला शुद्ध आहार?

पाकिटावरची गाजरं-मटारांची चित्रं बघून भुलू नका. मागची बारीक अक्षरं वाचा. ते संपूर्ण आहार आहे की नुसता खाऊ? पिल्लाचं आहे की मोठ्या कुत्र्याचं? काय काय घातलंय ते नावानिशी लिहिलंय का? करणाऱ्याचा पत्ता, तारीख, मुदत? मला चष्मा लावून दहा मिनिटं लागली. दुकानदार कंटाळला. कंटाळू दे.

कुणी म्हणेल, सरकार तपासत असेलच की. आपला अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि त्यातलं 'अन्न' म्हणजे माणसाने खायचं अन्न. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, पण त्याबद्दल दुकानात एक तरी गिऱ्हाईक विचारतं का? आपण विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. आणि "कुत्र्याचंच तर आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. २००७ साली अमेरिकेत पाळीव कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मरायला लागली. खाद्यात घातलेल्या गव्हाच्या चिकात मेलामाइन मिसळलेलं निघालं. प्रथिनांची चाचणी नायट्रोजन मोजून होते, मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून प्रथिनं जास्त दिसावीत यासाठी ही लबाडी. वस्तू शाकाहारीच होती बरं का! आणि पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये तेच मेलामाइन तान्ह्या बाळांच्या दूध-पावडरीत सापडलं. कुत्र्याच्या ताटात खपलेली लबाडी तिथेच थांबेल, या भरवशावर कुणी राहू नये.

आता मला विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न. सासूबाईंनीच विचारला. "उद्या डॉक्टर म्हणाले, याला मांसाशिवाय गत्यंतर नाही, तर काय करशील?" मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आई, बंड्याला घरात आणलं ते आपण. तो आपल्या दारात चालत आला नव्हता. तशी वेळ आली तर त्याचं ताट पडवीत वेगळं राहील, आपल्या चुलीला ते लागणार नाही आणि जो दोष लागायचा तो माझ्या माथी लागेल. त्याच्या जिवावर मी माझं व्रत राखणार नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत. हे उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी कुत्रा आणण्याआधी स्वतःला हा प्रश्न विचारावा, आणल्यावर नव्हे. मला तो आधी सुचला नाही, ही माझी चूक.

सध्या तशी वेळ आलेली नाही. बंड्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या शाकाहारी खाद्यावर आहे आणि दर सहा महिन्यांनी त्याचं रक्त तपासतो. केस पुन्हा दाट झालेत. बेदाण्याची पेटी आता माळ्यावर, कुलपाच्या कपाटात असते. नणंद हसते.

चतुर्दशीला पहाटे मी आधी पडवीत जाते. मापाने दोन वाट्या खाद्य, शेजारी गाळलेलं पाणी. तो खाईपर्यंत तिथेच उभी राहते. मग हात धुऊन माझ्या उपवासाचा नेम घेते. स्वाध्यायात परवा एका नव्या मुलीने विचारलं, "काकू, तुमचा बंड्या उपवास करतो म्हणे?"

"नाही गं," मी म्हटलं, "मी करते. तो जेवतो."