चष्मा घालवायचाय? आधी कॉर्निया तपासा

लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीच्या चष्म्याचा विषय हटकून निघतो. (मुलाच्या चष्म्याला कोणी नाक मुरडत नाही!) मग लेझरच्या जाहिराती पाहिल्या जातात. जितके नवे यंत्र तितकी चांगली नजर, असा समज असतो. तो खरा नाही.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, लेझरने नवा आकार देतात. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झालेल्या पीआरकेत वरचा पातळ थर काढतात. ३-४ दिवस डोळा चांगलाच दुखतो, नजर स्थिरावायला काही आठवडे लागतात. लॅसिकमध्ये पापुद्रा उचलून लेझर देतात व तो पुन्हा बसवतात. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसते; पण काही महिने डोळे कोरडे वाटतात, जोराचा मार बसल्यास पापुद्रा सरकू शकतो. म्हणून कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांना जुनी पीआरकेच बरी. तिथे २०१६ मध्ये मान्य झालेल्या स्माइलमध्ये २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून आतली चकती काढतात, कोरडेपणा कमी. काही महिन्यांनी तिन्हींची नजर साधारण सारखीच!

धोका वेगळाच आहे. काहींचा कॉर्निया मुळातच दुबळा असतो. लेझरनंतर तो पुढे फुगत जाऊन नजर कायमची बिघडू शकते. हा दोष बहुधा टोपोग्राफी तपासणीत आधीच कळतो. तपासणीपूर्वी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स १-२ आठवडे बंद ठेवाव्यात. नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणात व बाळ अंगावर पीत असताना शस्त्रक्रिया नको. चाळिशीचा वाचायचा चष्मा मात्र पुढे लागतोच.